अळणी रोट्या

शनिवार, ४ ऑक्टोबर

आज तिसरं दार मोडलं. पहिलं सासऱ्यांनी बसवलेलं, तुतीच्या लाकडाचं. ते जुलैत गेलं. दुसरं पत्र्याचं, ते सप्टेंबरात. आताचं खलफ भावजींनी खोक्याच्या फळ्या ठोकून उभं केलं होतं, ते एका लाथेत आडवं झालं. कडी लावलेलीसुद्धा नव्हती. नुसतं ढकललं असतं तर उघडलं असतं, पण दार ढकलायचं असतं हे या लोकांना कोणी शिकवलेलं दिसत नाही.

पुलावरच्या नाक्यावर उभे असतात ते सैनिक वेगळे, हे वेगळे. यांच्या अंगावर नाव नाही, दाढ्या वाढलेल्या, आणि हे फक्त एका माणसासाठी आलेत. एप्रिलात राजधानी पडली आणि ‘राष्ट्राचा बाप’ पळाला, तेव्हापासून नदीच्या दोन्ही काठांना हे परदेशी विशेष पथक त्याला हुडकत फिरतंय. हुडका की! मी कुठे आडवी आलेय? पण तो माझ्या डाळीच्या बरणीत बसलाय का? बरणी उपडी केली. मळलेल्या पिठात बूट घातला. औषधांचा डबा उघडून एकेक गोळी उजेडाला धरून पाहिली.

बरोबर तोंडाला फडकं बांधलेला दुभाष्या होता. आपल्यातलाच, बोलण्यावरून राजधानीचा. म्हणाला, “मावशी, घरात रक्तदाब कोणाला आहे?”

“कोणाला नव्हता. तुम्ही यायला लागल्यापासून मला झालाय.”

त्यांच्या लालदाढ्या साहेबाने त्याला काहीतरी विचारलं, त्याने काहीतरी सांगितलं. माझं वाक्य नक्कीच सांगितलं नसणार. जाताना “माफ करा” म्हणाले. त्या माफीला बिजागऱ्या लावून दारात उभी करू का?

ही वही शाळेची आहे. मला शिक्षिकेच्या नोकरीवरून काढलं त्या दिवशी टेबलावरच्या सहा कोऱ्या वह्या मी पिशवीत टाकून आणल्या. चोरी म्हणा. प्रत्येकीच्या मुखपृष्ठावर ‘राष्ट्राचा बाप’ हसतोय. मुखपृष्ठ फाडलं तर पानं सुटतात, म्हणून त्याच्या तोंडावर खळीने कागद चिकटवलाय. आज खळ वाळून एक कान बाहेर आला. परत चिकटवला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

खलफ भावजींनी खजुराच्या बागेत रखवालदार ठेवलाय. घड उतरवायचे दिवस, सगळीकडे चोऱ्या. नदीच्या खालच्या अंगाचा कोणी आहे म्हणे, म्हातारा, पंपघरात राहील. इथपर्यंत ठीक. मग मान खाली घालून म्हणाले, “उम्म मुहन्नद, त्याच्यापुरत्या चार रोट्या वेगळ्या कराव्या लागतील. अळणी. पोटाचं दुखणं आहे, डॉक्टरांनी मीठ तोडलंय. डाळही तशीच.”

मी म्हटलं, “रखवालदार ठेवलाय की जावई?”

एरवी हसले असते. म्हणाले, “सकाळी माझ्या फडक्यातली रोटी पुढे केली तर हात लावला नाही बिचाऱ्याने. मीठ असेल तर नको म्हणाला.”

म्हणजे आता दोन पिठं. बिनमिठाचं पीठ बोटांना चिकटतं, लाटताना फाटतं, तंदुराच्या भिंतीवरून घसरून राखेत पडतं. तरी केल्या. भावजींना नाही कसं म्हणू? माझे यजमान नाजी गेले, मुलगा मुहन्नद गेला, नोकरी गेली. बायको वारल्यावर हा माणूस स्वतः एकटा, पण या घरात मला कधी कोणी ‘तुझं काय इथे’ असं विचारू दिलं नाही त्याने. चार रोट्यांनी काय मोडत नाही माझं.

रविवार, १२ ऑक्टोबर

भावजी दुपारी बागेतून आले आणि अंगणात ओकले. मग आत येऊन मुहन्नदच्या फोटोसमोर बसून राहिले, तास दीड तास. पाणी दिलं, घेतलं नाही. काय झालं विचारलं तर म्हणाले, ऊन लागलं. ऑक्टोबरातलं ऊन!

संध्याकाळी मात्र टोपली घ्यायला आले. टोपली घेताना डाळ सांडली. मी म्हटलं, “तब्येत बरी नाही तर राहू दे आज त्याचं.” म्हणाले, “तीन दिवस वर तिसरा हिस्सा झाला, उम्म मुहन्नद. आता राहू देता येत नाही.”

पाहुण्याला तीन दिवस आणि चौथ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत नाव-गाव विचारायचं नाही, त्यानंतर विचारायचं, ही आपल्याकडची रीत. पण रखवालदाराला कसली आलीय ती? तापात बरळतात तसं झालं असावं. लिंबू पिळून दिलं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

रखवालदाराला नुसती डाळच काय द्यायची म्हणून मेंढीच्या दुधाचं खारं पनीर ठेवलं होतं टोपलीत. जसंच्या तसं परत आलं, वर बोटाचा ठसाही नाही. दही तेवढं संपवलं. नखरे बघा.

सोमवार, २० ऑक्टोबर

उम्म सत्तार आली होती. तिच्या नवऱ्याचं चौकात दुकान, त्यामुळे गावात कोण काय घेतो ते तिला आधी कळतं, घेणाऱ्याला मागून. बसायच्या आधीच म्हणाली, “बाई, तुझा दीर नवरदेव होतोय की काय?”

“का गं?”

“केसांचा कलप नेला. काळा. दोन डब्या. वर सुवासिक साबण.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोटाच्या दुखण्याचा म्हातारा म्हणे! गेल्या आठवड्यात चांगली रजई नेली. परवा नाजींचा तपकिरी कोट मागितला, रखवालदाराला थंडी वाजते म्हणून, आणि मी भोळी, पेटीतून काढून दिला. बागेत बाई ठेवलीय. पंचावन्नाव्या वर्षी! करायचं तर सरळ निकाह कर, घरात आण, मी काय खाणार आहे तिला? पण हे लपवणं, आणि मला तिच्यासाठी दोन दोन पिठं मळायला लावणं! आणि ती महाराणी मीठ खात नाही!

भावजींची दाढी मात्र होती तशीच पांढरी आहे. लग्नाच्या दिवसासाठी राखून ठेवला असेल कलप.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

रमजान लागला. काल पहिला रोजा. भावजी भरदुपारी टोपली न्यायला हजर. मी म्हटलं, “रखवालदार रोजा नाही ठेवत?”

“आजारी माणसाला सूट असते.”

“आजाऱ्याला आठ रोट्या लागतात? आधी चार होत्या.”

 रागाने मी टोपली जरा जोरातच ठेवली. अलीकडे मशिदीत जात नाहीत, कोणाकडे बसत नाहीत, माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नाहीत. प्रेमात पडलेली माणसं उजळतात म्हणतात. हा माणूस वाळत चाललाय. ती बाई चांगली नसणार.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

अकरा वर्षं झाली आज.

दर वर्षी ठरवते लिहायचं नाही, आणि लिहिते. अभियांत्रिकीचं दुसरं वर्ष, वसतिगृह, खोली बावीस. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. दिवाणखान्यात ‘राष्ट्राच्या बापा’चं भाषण चाललं होतं, तिसरा तास. मुहन्नद उठला आणि टीव्हीचा आवाज कमी केला. बंदही नाही केला, कमी केला. सकाळी पेपरला बसायच्या आधी त्याला घेऊन गेले. वीस वर्षांचा होता. मी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, तर मलाच शाळेतून काढलं. नाजी चार वर्षं थांबले आणि गेले. मरताना विचारत होते, कळलं का काही?

एप्रिलपासून ठिकठिकाणी खड्डे उकरताहेत. मी तीनदा जाऊन आले. कापडाचे तुकडे, चपला, दात. तिन्हीदा परत आले.

मला सूड नको म्हणणाऱ्या बायका आहेत. मी त्यांतली नाही. मला सूड हवा. पण त्याच्या आधी जागा हवी. कुठल्या मातीत ठेवलंय माझ्या पोराला ते एका माणसाच्या तोंडून हवंय. म्हणून रोज दुआ मागते की लालदाढ्याला तो सापडो, आणि जिवंत सापडो. मेला तर माझं उत्तर त्याच्याबरोबर पुरलं जाईल. गावातल्या बायका त्याच्या मरणाची दुआ मागतात. मी अकरा वर्षं त्याच्या आयुष्याची मागतेय. याचाही राग येतो मला.

आणि सगळं गाव मला हाक मारतं ते उम्म मुहन्नद. मुहन्नदची आई. बहीजा हे माझं नाव कोणाला आठवतही नसेल. प्रत्येक हाकेला तोच प्रश्न कानावर पडतो.

रविवार, १६ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहिणार.

सकाळी पथकाने गावाला वेढा घातला. पंधरा वर्षांवरचा प्रत्येक पुरुष शाळेच्या मैदानात नेऊन बसवला, चौकशीला. भावजींनाही नेलं. जाताना ते माझ्याकडे बघत राहिले, काही सांगायचं होतं, पण सैनिकाने ढकललं.

दुपार झाली. टोपली भरून ठेवलेली. म्हटलं, ती कोण भवानी आहे ती उपाशी असेल. रोजा ठेवत नाही म्हणजे भूक लागणारच. खरं सांगायचं तर मला तिला बघायचंही होतं. दोन शब्द सुनवायचे होते. टोपली डोक्यावर घेतली आणि बागेत गेले.

पंपघराचं दार लोटलेलं. मी बाहेरून म्हटलं, “बाई, बाहेर या. जेवण आणलंय.”

आतून आवाज आला, “खलफ कुठे आहे?”

तीन शब्द. पण वर्षानुवर्षं रोज सकाळी शाळेच्या प्रार्थनेनंतर रेडिओवर तो आवाज मुलांबरोबर उभं राहून ऐकलाय मी. खोकल्यावरूनसुद्धा ओळखला असता.

तो चटईवर बसला होता. मागे फळीचं झाकण उघडं, खाली खड्डा. दाढी काळीभोर, मुळांशी बोटभर पांढरी. अंगावर माझ्या नवऱ्याचा कोट. तिसरं बटण मी लावलेलं, निळ्या दोऱ्याने, कारण तपकिरी दोरा संपला होता.

मी घाबरले नव्हते, हे लिहून ठेवते. संतापले होते.

“ये बहिणी,” तो म्हणाला. “खलफच्या घरची ना? उम्म कोण?”

“उम्म मुहन्नद.”

“देव त्याला उदंड आयुष्य देवो,” असं म्हणत त्याने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. “कुठे असतो मुहन्नद?”

त्या माणसाने मला हे विचारलं. त्याने. मला. रोटीचा तुकडा मोडत.

मी म्हटलं, “ते तुम्ही सांगायचं. खोली बावीस. तुमच्या भाषणाचा आवाज कमी केला त्याने. तुमच्या माणसांनी नेला. अकरा वर्षं झाली. कुठे ठेवलाय?”

त्याने चावणं थांबवलं नाही. “असल्या बारीक गोष्टी माझ्यापर्यंत येत नसत.”

“बारीक?”

“देशावर कठीण काळ होता, बहिणी. तू आई आहेस, मी बाप...”

“बाप म्हणायचं नाही!” मी इतक्या जोरात ओरडले की कबुतरं उडाली. भिंतीवर खजुराचे घड तोडायचा कोयता टांगलेला होता, माझ्या हाताच्या अंतरावर. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. तेव्हा कुठे त्याचा घास थांबला. पण मेलेला माणूस बोलत नाही. माझा हात मीच धरला.

मी वळले, तर मागून म्हणाला, “डाळ आज पातळ आहे. आणि पुन्हा पनीर पाठवू नकोस, मीठ असतं त्यात. मिठाने मला चक्कर येते, खलफला सांगितलंय मी.”

मी घरी आले तेव्हा माझ्या मुठीत एक अळणी रोटी होती. केव्हा उचलली ते आठवत नाही.

त्याच दिवशी, रोजा सुटल्यावर

सूर्य मावळायच्या जरा आधी भावजींना सोडलं. ते दारात आले, माझं तोंड बघितलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसले.

“गेली होतीस,” म्हणाले.

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. नमकहराम म्हटलं. मुहन्नदला नदीत पोहायला यांनीच शिकवलं होतं, तेही काढलं. “माझ्या पोराला खाल्लं त्याने, आणि मी त्याला माझ्या हाताने आठ आठ रोट्या! आणि नाजींचा कोट!”

 मग ते म्हणाले, “म्हातारा, आजारी, अंधारात दाढीने भरलेला. मी ओळखलं नाही. तीन दिवस विचारायचं नाही म्हणून विचारलं नाही. चौथ्या दिवशी दाढी धुतली त्याने, आणि मी बघितलं. तोवर आपली रोटी त्याच्या पोटात गेली होती. रोटी आणि मीठ, बहीजा.” त्यांनी मला नावाने हाक मारली. “काय करू? त्याच्या पोटातून काढून घेऊ? माझ्या बापाने, आज्याने घरचं मीठ खाल्लेल्या कोणाला कधी धरून दिलं नाही. रोज कोयता बघतो. रोज टोपली ठेवतो आणि परत येतो. मी त्याच्यासाठी नाही करत. माझ्यानंतर या घराचं मीठ कोण खाईल?”

 आणि मग मला हसू आलं. वेड लागल्यासारखं.

“भावजी, कुठलं मीठ?”

त्यांना कळलं नाही.

“पहिल्या दिवशी तुमच्या फडक्यातल्या रोटीला त्याने हात लावला का?”

“नाही.”

“पनीर खाल्लं?”

“परत पाठवलं.”

“डाळ कशी करत होते मी? रोट्या कशा करत होते? कोणी सांगितलं होतं तशा करायला?”

तेवढ्यात अजान झाली. त्यांनी दिवसभर पाणीही घेतलेलं नव्हतं. मी मुठीतली रोटी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी खजुराला हात लावला नाही. रोजा त्या रोटीवर सोडला. एक तुकडा मोडला, खूप वेळ चावला. मग दुसरा. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते दाढीत मुरत होतं.

“अळणी,” म्हणाले.

“पहिल्या घासापासून. त्याने स्वतः मागितलेली.”

मग ते म्हणाले, “म्हणजे तो माझा कोणी नाही.”

सोमवार, १७ नोव्हेंबर

उजाडताच भावजी पुलावरच्या नाक्याकडे निघाले. डोक्याचा पांढरा रुमाल काढून काठीला बांधला. मी दारापर्यंत गेले. “जिवंत,” म्हटलं. “त्यांना सांगा, जिवंत हवाय. तीनदा सांगा.” ते चालता चालता पुटपुटत होते, पाठ करत होते: माझ्या बागेत एक माणूस आहे. तो माझा पाहुणा नाही.

तासाभरात हेलिकॉप्टर. खजुराच्या झावळ्या जमिनीला टेकल्या. मी अनवाणी धावले आणि ओरडत सुटले, “मारू नका! त्याला मारू नका!” दोन सैनिकांनी मला पालथी पाडली, पाठीत गुडघा, मनगटांना प्लास्टिकची पट्टी. का, तर म्हणे ही त्याची भक्त आहे! अकरा वर्षं छातीवर दगड ठेवून जगलेल्या बाईला त्याची भक्त!

फडकंवाला दुभाष्या वाकून म्हणाला, “मावशी, त्याच्यासाठी कशाला रडता?”

“गाढवा, माझ्या मुलासाठी रडतेय! तो मेला तर कोणाला विचारू?”

त्याने एवढं मात्र भाषांतर केलं. लालदाढ्याने पट्टी कापली.

त्याला बाहेर काढला तेव्हा डोळे मिचकावत होता. जिवंत. हात वर. सैनिकांना काही म्हणाला नाही, फक्त चप्पल मागितली. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचा कोट काढून घ्या. दुभाष्या म्हणाला, पुरावा आहे, मिळणार नाही.

आणि भावजी? त्यांच्या डोक्यावर पिशवी चढवून त्यांनाही त्याच हेलिकॉप्टरमध्ये घातलं. आसरा दिला म्हणून. ज्याने सांगितलं त्याला! मी लालदाढ्याच्या अंगावर थुंकले. त्याने पुसून टाकलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

ईद. खजूर भरून बिस्किटं केली, दोन ताटं. चौकात लोकांनी हवेत गोळ्या झाडल्या, मिठाया वाटल्या, रेडिओवर आठवडाभर तेच. आमच्या घरी एकही माणूस आलं नाही. बिस्किटं तशीच आहेत.

उम्म सत्तार रस्त्याच्या पलीकडून बोलली, उंबरा ओलांडला नाही. “वाईट मानू नकोस. तो गेला ते बरंच झालं. पण तुमच्या घरची रोटी खाल्लेला माणूस तुमच्याच घरून धरला गेला. आता तुमच्याकडे जेवायला कोण बसेल?”

“मीठ नव्हतं त्यात.”

“असं तू म्हणतेस.”

हेच लोक तीस वर्षं त्याच्या नावाने कुजबुजतसुद्धा नव्हते. माझ्या पोराला नेलं तेव्हा यांतल्या एकाने दार उघडलं नाही. आज मला रीत शिकवतात! भावजींचा अजून पत्ता नाही. नाक्यावर रोज जाते, रोज तोच सैनिक खांदे उडवतो. पुन्हा कचेरीच्या पायऱ्या. पुन्हा मी, आणि पुन्हा कोणीतरी नेलेला माणूस.

रविवार, ३० नोव्हेंबर

फळ्या पुन्हा ठोकून उभं केलेलं दार वाजलं. मोडलं नाही, वाजलं! उघडलं तर दुभाष्या आणि मागे लालदाढ्या, टोपी हातात.

दुभाष्याने घसा साफ केला. कैदी जेवत नाही. तेरा दिवस झाले, नुसतं पाणी. सैनिकांचं अन्न विषारी आहे म्हणतो. मरता कामा नये, खटला चालायचाय. तो म्हणतो, खलफच्या घरच्या अळणी रोट्या असतील तरच खाईन.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग इतका राग आला की दिसेना. मला! माझ्याकडे! पुन्हा!

“मावशी, नाही म्हणालात तरी समजू शकतो,” दुभाष्या म्हणाला.

“तू गप्प. तुझ्या साहेबाला सांग. पहिलं, खलफ भावजी घरी. पीठ त्यानंतर भिजेल. दुसरं, प्रत्येक टोपलीत मी एक कागद ठेवीन. रोटी द्यायच्या आधी तो त्याला वाचून दाखवायचा, मोठ्याने. तो जे बोलेल ते खाली लिहून रोज माझ्याकडे परत आणायचं.”

“काय असेल कागदावर?”

“एक प्रश्न. तुला माहीत आहे.”

दुभाष्याने सांगितलं ते लालदाढ्याने ऐकलं. मग होकाराची मान हलवली. जाताना पडलेली फळी उचलून भिंतीला टेकवून ठेवली त्याने.

बुधवार, ३ डिसेंबर

भावजी आले. दाढी कापलेली, मनगटांवर काळे वळ. पाणी प्यायले, तंदुरापाशी बसले. दोन परातींकडे बघून म्हणाले, “दोन पिठं कशाला?”

सांगितलं. मला वाटलं उठून जातील, परात उधळतील.

ते म्हणाले, “पाठव. पण मीठ पडू देऊ नकोस. चुकूनसुद्धा.”

गुरुवार, ११ डिसेंबर

आठ टोपल्या गेल्या. आठ कागद परत आले. पहिल्यावर दुभाष्याच्या अक्षरात: “आठवत नाही.” दुसऱ्यावर, तिसऱ्यावर: “बोलला नाही. रोट्या खाल्ल्या.” सहाव्यावर: “म्हणाला, या बाईला दुसरं काही सुचत नाही का?” तो मी चुलीत घालणार होते. ठेवला.

आज आठवा आला. त्यावर लिहिलंय: “विचारतो, मुहन्नदच्या वडिलांचं नाव काय?”

मी भावजींना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. खरंच आठवायला लागलंय की रोट्यांसाठी खेळवतोय, आम्हा दोघांनाही सांगता येईना. नवव्या कागदावर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, फळ्यावर लिहायची तसं: मुहन्नद नाजी. खोली बावीस. याच्या वडिलांचा कोट तुम्ही महिनाभर अंगावर घातला होता, तिसरं बटण निळ्या दोऱ्याचं. कुठे ठेवलाय माझा मुलगा?

मग उद्याची पिठं भिजवली. आधी आमचं, मीठ घालून. भावजी शेजारी बसून बघत होते. मग साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, आणि दुसरी परात पुढे ओढली.